नमस्कार आधी

‘चमत्काराशिवाय नमस्कार नाही’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी बसली आहे की ती खरी आहे का, हे कुणी विचारतच नाही. बाजारात ती खरी असेल, राजकारणात तर नक्कीच असेल. देवाधर्माच्या बाबतीत ती साफ उलटी आहे. माणसं नमस्कार आधी करतात. चमत्काराच्या गोष्टी मागाहून येतात, आणि बहुतेक वेळा त्या दुसऱ्याच कुणीतरी सांगितलेल्या असतात.

आषाढीची वारी बघा. आळंदीहून ज्ञानोबांच्या पालखीबरोबर निघालेला माणूस अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतो. दिवे घाट चढतो, पावसात भिजतो, रात्री कुणाच्या ओसरीवर नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पाठ टेकतो. गावाकडे पेरणी झालेली असते, किंवा पाऊस लांबल्यामुळे रखडलेली असते. तो घोर मनात असतोच. पंढरपुरात पोचल्यावर दर्शनाची बारी एवढी लांब असते की कित्येकजण तिच्यात उभेही राहत नाहीत. चंद्रभागेत बुडी मारायची, नामदेव पायरीवर डोकं टेकायचं, कळसाला हात जोडायचे आणि परतीची एसटी धरायची. पुढच्या वर्षी पुन्हा निघायचं. यात चमत्कार कुठे आला? ‘एवढं चाललात, मिळालं काय?’ असं एखाद्या माळकऱ्याला विचारून बघा. प्रश्न विचारणाराच त्याला परका वाटेल.

आणि ज्याच्याकडे जायचं तो देव तरी कसा? देवळांमधल्या इतर मूर्तींचे हात आठवा. एक हात वर देणारा, एक अभय देणारा, बाकीच्या हातांत शस्त्रं. पंढरीचा विठोबा दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा आहे. वर देणारी मुद्रा नाही, शस्त्र नाही. महाराष्ट्राने आपला सर्वांत लाडका देव म्हणून ज्याला निवडलं, तो काही देण्याच्या पवित्र्यात उभाच नाही. वारकऱ्यांच्या परंपरेत नवसाला मान नाही तो उगीच नाही. नवसाने पोरं होत असती तर नवऱ्याची गरजच काय होती, असा खडा सवाल तुकोबांनी साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी टाकला. आज एखाद्याने तोच सवाल स्वतःच्या नावावर भर सभेत टाकला, तर भावना दुखावल्याची तक्रार संध्याकाळच्या आत ठाण्यात पोचेल.

यावर हमखास एक प्रश्न येतो. ‘मग ज्ञानोबांनी भिंत चालवली, रेड्याच्या तोंडून वेद वदवले, तुकोबांची गाथा तरली, त्याचं काय?’ विचारणारा मनापासून विचारत असतो, म्हणून उत्तरही मनापासून द्यायला हवं.

गाथेचा प्रसंग आपल्याला बहुधा सिनेमातून माहीत असतो. प्रभातने १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला आणि विष्णुपंत पागनीसांचा चेहरा कितीतरी घरांत तुकोबांचाच चेहरा होऊन बसला. तुकोबांना विरोध करणाऱ्या रामेश्वर भटांमुळे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागतात, तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी सोडून काठावर पडून राहतात, वह्या जशाच्या तशा वर येतात. ही गोष्ट काही सिनेमावाल्यांनी रचलेली नाही. खुद्द तुकोबांच्या अभंगांत तिचा उल्लेख आहे, त्यांच्या शिष्या बहिणाबाईंच्या अभंगांतही आहे. म्हणून तर ती नीट वाचली पाहिजे. वह्या वाचल्यावर तुकोबा काय म्हणतात? ‘बघा माझा देव कसा जागृत आहे’ असं म्हणत नाहीत. विरोधकांना ‘आता बोला’ असं बजावत नाहीत. ते देवाची क्षमा मागतात. लोकांच्या बोलण्यापायी मी तुझा अंत पाहिला, तुला शिणवलं, हा माझ्या हातून मोठा अन्याय झाला, अशा अर्थाचं ते बोलणं आहे.

आयुष्यातला सर्वांत मोठा चमत्कार आपल्या बाबतीत घडला असं ज्याला वाटतं, तो माणूस त्या क्षणी ओशाळतो. ज्याच्यावर जीव टाकला त्याच्याच दारात ‘सिद्ध करून दाखव’ म्हणून धरणं धरून बसलो, याची ती लाज आहे. श्रद्धा आणि चमत्कार यांच्या नात्यावर याहून खरं मराठीत कुणी काही लिहिलं असेल, असं मला वाटत नाही.

वह्या कशा तरल्या याविषयी मतं वेगवेगळी आहेत. अभंग लोकांना तोंडपाठ होते, लोकांच्या तोंडून ते पुन्हा उतरवले गेले, गाथा लोकांनी तारली, असा एक अर्थ लावला जातो. मला तोच पटतो. तुम्हाला पटत नसेल, पाण्यानेच वह्या राखल्या असं तुम्ही मानत असाल, तर खुशाल माना. पण मग पूर्ण माना. तुकोबांचा चमत्कार घ्यायचा आणि तुकोबांची लाज सोडून द्यायची, हे चालणार नाही.

त्यांच्या आयुष्यातला दुष्काळ मला गाथेपेक्षा मोठा वाटतो. १६३० च्या सुमाराला दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यात पैसा गेला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. हे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. तेव्हा काही तरलं नाही, कुणी आकाशातून धान्य टाकलं नाही. देवाशी सौदाच असता तर तो त्या दिवशी मोडला असता. तुकोबांनी त्यानंतर काय केलं? गावातलं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावं असं त्यांच्या मनात आलं, आणि एकादशीला कीर्तन सुरू केलं. घरात अन्नावाचून मृत्यू झालेला माणूस देवाचं पडकं देऊळ दुरुस्त करायला घेतो. ज्यांना श्रद्धेचा पुरावा हवा आहे त्यांनी हा घ्यावा.

संतांच्या बाकीच्या चमत्कारांपैकी बरेचसे आपल्यापर्यंत आले ते ताहाराबादच्या महिपतींच्या हातून. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ सालचा. तुकोबांना जाऊन तेव्हा शंभरावर वर्षं उलटली होती. महिपतींचा संतांवर जीव होता, त्यांनी ऐकलेलं सारं प्रेमाने ओवीबद्ध केलं. आधी जीव जडला आणि मग गोष्टी वाढल्या, हा क्रम इथेही दिसतो. चांगदेवाची गोष्ट तर आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. वाघावर बसून, सापाचा चाबूक करून चौदाशे वर्षांचा योगी येतो. त्या गोष्टीत ज्ञानोबा भिंतही चालवतात, पण मागे उरलं काय? चांगदेवाच्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून लिहिलेल्या पासष्ट ओव्या. वाघ, साप आणि भिंत गोष्टीत राहिले. ‘चांगदेव पासष्टी’ लोक आजही अभ्यासतात.

ही काही फक्त वारकऱ्यांचीच रीत नाही. बौद्धांच्या विनयपिटकातला एक प्रसंग सांगतो. राजगृहातल्या एका श्रेष्ठीने चंदनाचं भिक्षापात्र करवून घेतलं आणि बांबूला बांबू जोडून ते उंच टांगलं. ज्याच्या अंगी ऋद्धी, म्हणजे अलौकिक शक्ती, असेल त्याने काढून न्यावं, असं जाहीर केलं. पिंडोल भारद्वाज नावाचा भिक्खू हवेत उठला, पात्र घेतलं, राजगृहावर तीन फेऱ्या मारल्या. लोक वेडे झाले, गलका करत त्याच्यामागून विहारापर्यंत आले. बुद्धांनी विचारलं, हा गोंगाट कसला? कळल्यावर त्यांनी पिंडोलाला सर्वांदेखत खडसावलं. एका फुटकळ लाकडी भांड्यासाठी लोकांपुढे ऋद्धी दाखवणं हे दमडीसाठी देह उघडा करण्यासारखं आहे, अशा कठोर शब्दांत. मग ते पात्र फोडायला लावलं आणि चंदनाची पूड भिक्खूंच्या अंजनात घालायला सांगितली. शिवाय नियमच केला की गृहस्थांपुढे ऋद्धी दाखवायची नाही.

पिंडोल उडाला नाही असं ग्रंथ म्हणत नाही, हे ध्यानात घ्या. ज्यांनी तो लिहिला त्यांना तो उडाला असंच वाटत असेल. तरीही पात्राचा भुगा झाला. कारण उडता येतं का, हा तिथे प्रश्नच नव्हता. उडणाऱ्यामागे धावत आलेल्या लोकांचं पुढे काय होणार, हा होता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. चालायचं आपल्यालाच आहे.

येशूला सैतानाने रानात गाठलं आणि दगडांच्या भाकरी करून दाखव, देवळाच्या टोकावरून उडी घे असं सांगितलं; येशूने साफ नकार दिला. मक्केतल्या विरोधकांनी पैगंबरांना झरे फोडून दाखवा, आकाशात चढून दाखवा म्हटलं. मी तर पाठवलेला एक माणूस आहे, एवढंच उत्तर मिळालं. धर्म वेगळे, शतकं वेगळी. चमत्काराची फर्माईश आली की मोठी माणसं मागे सरतात, हे मात्र सगळीकडे सारखंच.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं घ्या. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पिऊ लागले. आज चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना तो दिवस आठवत असेल. शाळा-कचेऱ्यांतून लोक निघाले, देवळांपुढे रांगा लागल्या, डेअऱ्यांमधलं दूध संपलं. काय होत होतं ते एका चमच्यात दिसतं. चमचा काठोकाठ भरा. दुधाचा पृष्ठभाग काठाच्या किंचित वर फुगतो, कारण पृष्ठताण त्याला धरून ठेवतो. तो फुगवटा सोंडेच्या ओल्या दगडाला टेकवा. टेकला की दूध दगडाला धरतं आणि खाली उतरू लागतं. मूर्तीवरून इतका पातळ थर ओघळतो की पांढऱ्या संगमरवरावर तो डोळ्यांना दिसतच नाही. हात भक्तिभावाने जरा कलतोच, चमचा रिकामा होतो. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि रंगीत ओघळ मूर्तीवरून सरळ खाली आलेला साऱ्यांना दिसला.

दुसऱ्या दिवशी काय झालं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. दूध पिणं थांबलं, आणि गणपतीचा एकही भक्त कमी झाला नाही. काल दूध प्यायलास, आज का नाही, असं म्हणून कुणी देव्हाऱ्यातली मूर्ती उचलून ठेवली नाही. पुढच्या वर्षीच्या चतुर्थीला तेच मोदक, तीच आरती, मंडपात तीच गर्दी. २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून लोकांनी बाटल्या भरल्या, काहींनी पोरांनाही पाजलं. पावसाळ्यात मिठी नदीतून आलेलं ते पाणी होतं, शहराची सगळी घाण सोबत घेऊन. महापालिका पिऊ नका म्हणून सांगत राहिली. पाण्याचा गोडवा गेला. ज्यांचा तो चमत्कार मानला गेला त्या मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यात लोक आजही तसेच जातात. चमत्कार आला आणि ओसरला, श्रद्धा जिथल्या तिथे राहिली. ज्याच्या जाण्याने श्रद्धेचं काही बिघडत नाही, त्याच्यावर ती उभी कशी असेल?

म्हणूनच २०१२ ची घटना मला अजून टोचते. मुंबईत इर्ला इथल्या चर्चजवळच्या क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकत होतं, लोक ते तीर्थ म्हणून घेत होते. विवेकवादी कार्यकर्ते सनल इडामारुकू यांनी जाऊन पाहिलं आणि दाखवलं की जवळचं सांडपाणी तुंबलं आहे, आणि दिव्यातल्या वातीत तेल चढावं तसं ते भिंतीतून, लाकडातून वर चढतं आहे. लोकांना सांडपाणी पिण्यापासून वाचवलं म्हणून आभार मानायचे, तर त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. ज्याची श्रद्धा क्रुसावर आहे, त्याच्या श्रद्धेला एक तुंबलेलं गटार धक्का लावू शकत नाही. भावना दुखावल्या त्या कुणाच्या?

श्रद्धेला चमत्कार लागत नाही. मग तो लागतो कुणाला? विकणाऱ्याला. प्रेम विकता येत नाही, वारी विकता येत नाही, एकादशी विकता येत नाही. तोडगा मात्र विकता येतो. तेल, ताईत, अंगारा, गंडा, दरबाराचं टोकन, पुढच्या फेरीचं टोकन. शहरात एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि गावात पाराजवळ लागलेले ते फलक वाचा: नोकरी, लग्न, मूलबाळ, कोर्टकचेरी, करणी, कॅन्सर. देवाचं नाव वर बारीक, महाराजांचा फोटो खाली मोठा, त्याखाली मोबाइल नंबर.

अशा एका दरबाराच्या रांगेत मी उभा राहिलो आहे. माझ्यापुढच्या माणसाच्या हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात बायोप्सीचा रिपोर्ट, दवाखान्याची जाड फाइल, आणि लाल फडक्यात बांधलेला नारळ. बायकोची केमो चालू होती. दोन डोस झाले होते, तिसऱ्याआधी महाराजांना विचारायचं होतं. सेवेकरी म्हणवणारा एक पोरगा रांगेतून फिरत होता, गोड बोलत होता. गाव कुठलं, घरात कोण, कुणाला काय झालंय, किती दिवस. त्या माणसाने सगळं सांगितलं, कारण इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच त्याचं सगळं ऐकून घेत होतं. आत गेल्यावर महाराजांनी त्याला न विचारताच त्याचं गाव आणि बायकोचं दुखणं सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘त्यांना सगळं कळतं हो,’ म्हणाला. हातात तेलाची बाटली होती. आधी तेल, मग औषध, असं त्याला सांगण्यात आलं होतं.

या माणसाला मी अडाणी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर माझं त्याच्याशी भांडण आहे. चमत्कारांची चिकित्सा करणाऱ्या आपल्या मंडळींपैकी काहीजण इथे चुकतात. लिंबातून रक्त कसं काढतात ते आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे: सुरीला मिथाइल ऑरेंज फासायचं, लिंबाच्या आम्लाने ते लाल होतं. काडी न ओढता होम पेटतो तो पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडल्यामुळे. हे दाखवलंच पाहिजे, गावोगाव दाखवलं पाहिजे. पण लिंबाचं रहस्य उलगडून हसत घरी जाणाऱ्याने त्या पिशवीवाल्याला काय दिलं? डॉक्टरने त्याला दोन मिनिटं दिली असतील. तिसऱ्या डोसाचे पैसे कुठून आणायचे, हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. बोगस दरबार भरतात ते लोकांच्या मूर्खपणावर नव्हे, लोकांच्या एकटेपणावर. तिथे कुणी पोचत नाही तोवर मांडव उठणार नाही.

आणि त्याची किंमत माणसं जीव देऊन मोजतात. २ जुलै २०२४ ला उत्तर प्रदेशात हाथरसला एका बाबांचा सत्संग संपला. बाबांची पायधूळ घ्यायला लोक धावले, चिखलात पडले, एकमेकांखाली चिरडले. १२१ माणसं गेली, त्यांत बायका सर्वाधिक. पायाखालच्या मातीत गुण असतो, असं त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं होतं. पिंडोलाच्या मागे धावलेल्या गर्दीला बुद्ध का भ्याले असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

आपल्याकडे चमत्कार आणि माणुसकी यांतलं एक निवडून दाखवणारा माणूस फार लांबचा नाही. गाडगेबाबा १९५६ साली गेले. पंढरपूरला जाऊन ते देवळाबाहेर झाडू मारत. पाया पडायला आलेल्यांना हाकलत, माझा कुणी शिष्य नाही म्हणत, कीर्तनात नवस, बळी आणि कर्ज काढून केलेल्या सणांवर कोरडे ओढत. गोळा झालेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे राहतात. पाठ टेकायला जागा, पोटाला जेवण, कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा ते सांगणारं कुणीतरी. साडीच्या पिशवीवाल्या त्या माणसाला हे हवं होतं. गाडगेबाबांची श्रद्धा कुणाहून कमी होती, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

शेवटी महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याचं. कारण तो आपल्याकडे आहे आणि बहुतेकांनी तो वाचलेला नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी अठरा वर्षं झटले. आमचा विरोध देवाला किंवा धर्माला नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते प्रत्येक सभेत सांगत. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना पुण्यात महर्षी शिंदे पुलावर गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. हा कायदा धर्मविरोधी आहे, अशी आवई आजही उठवली जाते. तो उघडून बघा. पूजाअर्चा, कीर्तन, प्रवचन, वारी यांना तो लागू नाही, असं त्यातच लिहिलं आहे. होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांविषयी बोलणं, लिहिणं, ते साहित्य वाटणं, यालाही हात लावलेला नाही. म्हणजे ज्ञानोबांची भिंत आणि तुकोबांची गाथा कायद्याने सुखरूप आहेत. त्याच्या अनुसूचीतली दुसरी नोंद आहे ती वेगळ्याच गोष्टीबद्दल: स्वतः तथाकथित चमत्कार करून दाखवायचे, त्यातून पैसा कमवायचा, आणि त्यांचा प्रसार करून लोकांना फसवायचं, धाक घालायचा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्रही.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या गावात तसला फलक लागला तर त्याचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. टोकनाचे किंवा तेलाचे पैसे घेतले तर पावती मागा. पावती देत नाहीत हेही लिहून ठेवा, दोन साक्षीदारांच्या नावासकट. पोलीस निरीक्षकाच्या किंवा त्यावरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमायची तरतूद कायद्यात आहे. तो कोण, हे ठाण्यात विचारा. भावनेचा प्रश्न आहे, जरा सांभाळून घ्या, असं कुणी म्हणालंच, तर अनुसूचीचा कागद पुढे करा आणि दुसऱ्या नोंदीवर बोट ठेवा.